तरते घर : इंग्लंडातील जुनी नॅरोबोट पारखताना

कालवा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शेताला पाणी नेणारा पाट उभा राहतो. खडकवासल्याहून निघून पुणे शहरातून पुढे जाणारा मुठेचा कालवा आपण सहज ओलांडतो. त्याचे पाणी पिकांना जाते. त्यावरून कोणी प्रवास करीत नाही. इंग्लंडातील कालव्यांची कथा निराळी आहे. ते मालवाहतुकीसाठी खणलेले पाण्याचे रस्ते होत, आणि आज त्या रस्त्यांवर कोळशाऐवजी माणसांचे संसार तरंगत आहेत. घरांच्या किमती आवाक्याबाहेर गेल्या, भाडे देता देता पगार संपू लागला, तेव्हा तिकडच्या पुष्कळ मध्यमवर्गीय माणसांचे लक्ष या लांबट, अरुंद नावांकडे वळले. आपल्याकडील मुलेही आता शिक्षणासाठी व नोकरीसाठी त्या देशात जातात, आणि 'नाव घेऊन राहू का?' हा प्रश्न त्यांच्यापैकी एखाद्याच्या पत्रातून आपल्यापर्यंत येऊन पोहोचला तर नवल नाही.

प्रश्न दिसतो तितका हौशी नाही. ज्याच्याजवळ पैसा मुबलक आहे तो नवी नाव बांधवून घेईल. चुकले तर विकून टाकील. ज्याची सारी शिल्लक या एका व्यवहारात जावयाची आहे, त्याने मात्र डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. कारण कुजलेल्या घराखाली निदान जमीन तरी उरते. गंजलेल्या नावेखाली पाण्यावाचून काही नसते. म्हणून अल्प पैशांत जुनी नाव घेणाऱ्याने काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि कशाला भुलू नये, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम या नावेचा आकार असा का, ते समजून घेऊ. १७६१ साली ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर या उमरावाने आपल्या खाणींतला कोळसा मँचेस्टरकडे नेण्यासाठी कालवा काढला. त्या कामावरचा प्रमुख कारागीर जेम्स ब्रिंडली. पुढे ट्रेंट अँड मर्सी या मोठ्या कालव्याची आखणी त्याच्याकडे आली, तेव्हा वाटेत हेअरकॅसलची टेकडी आडवी आली. तिच्या पोटातून दीड मैलाहून अधिक लांबीचा बोगदा खणणे भाग होते. बोगदा जितका रुंद तितका खर्च अधिक. लॉक जितके मोठे तितके पाणी अधिक. लॉक म्हणजे पाण्याचा जिनाच म्हणा ना. दोन टोकांना दारे असलेला हौद. नाव आत घ्यावयाची, दार लावावयाचे आणि हौदात पाणी भरून किंवा सोडून तिला वर चढवावयाची अथवा खाली उतरवावयाची. ब्रिंडलीने काटकसर केली आणि लॉकची रुंदी सुमारे ७ फूट व लांबी सुमारे ७२ फूट ठेवली. तो १७७२ साली वारला, कालवा १७७७ साली पुरा झाला, आणि मध्य इंग्लंडातील बहुतेक कालव्यांनी हेच माप उचलले. अडीचशे वर्षे होऊन गेली तरी नॅरोबोटीची रुंदी ६ फूट १० इंचच आहे, याचे कारण हे.

या नावांत माणसे राहू लागली तीही हौसेने नव्हे. एकोणिसाव्या शतकात रेल्वेने कालव्यांचा धंदा खाल्ला, मालाचे दर उतरले, आणि नावाड्यांना काठावरचे घरभाडे परवडेनासे झाले. मग बायकामुले नावेवरच आली. पुढचा सारा भाग मालाला, आणि मागच्या जेमतेम १० फुटांच्या खोलीत सगळा संसार! जॉर्ज स्मिथ नावाच्या सुधारकाने या मुलांच्या हालांबद्दल आवाज उठविला आणि १८७७ व १८८४ साली कायदे होऊन नावांची नोंदणी, राहणाऱ्यांची संख्या व तपासणी यांना नियम लागले. पुढे १९४८ साली बहुतेक कालवे राष्ट्राच्या मालकीचे झाले. १९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात ते गोठून गेले आणि आधीच क्षीण झालेली मालवाहतूक जवळजवळ संपली. कालवे बुजून जावयाचे, पण लोकांनी ते वाचविले. एल. टी. सी. रोल्ट या लेखकाने १९४४ साली 'नॅरो बोट' हे आपल्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातून १९४६ साली कालवे राखण्यासाठी एक संस्थाच उभी राहिली. आज इंग्लंड व वेल्समधील सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आहेत. २०१२ साली तिने हा कारभार सरकारी मंडळाकडून घेतला.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, गरजेपोटी नावेवर जाणे ही तिकडे नवी गोष्ट नव्हे. आणि गरजवंताला अक्कल नसते असे आपल्याकडे म्हणतात, ते नावेच्या बाजारात फार लवकर प्रत्ययास येते.

आधी जागा, मग नाव

पुष्कळजण आधी नाव घेतात आणि मग ती कोठे ठेवावी याचा विचार करू लागतात. हा क्रम उलटा आहे. कायद्याच्या दृष्टीने नाव ही जंगम वस्तू. ती घेतल्याने तिच्याखालचे पाणी किंवा शेजारचा काठ आपला होत नाही. १९९५ च्या कायद्याप्रमाणे परवाना मिळण्यास तीन गोष्टी लागतात: नाव सुरक्षित असल्याचे प्रमाणपत्र, विमा, आणि नाव बांधण्याची कायमची जागा. अशी जागा नसेल तर नाव खरोखरीच फिरत ठेवावी लागते. एका ठिकाणी सलग १४ दिवसांहून अधिक राहता येत नाही, आणि मुक्काम लौकर हलविण्याची पाटी असेल तर तितकेही नाही.

चौदा दिवसांचा नियम ऐकावयास सोपा वाटतो. पण ज्याची नोकरी एका गावी आहे, ज्याची मुले एका शाळेत आहेत, त्याने दर पंधरवड्यास बिऱ्हाड हलविणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. दोनच ठिकाणांमध्ये येरझारा घातल्या तर त्याला फिरणे म्हणत नाहीत. नाव चालते ताशी ४ मैलांच्या आत. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी लॉके बंद ठेवतात, तेव्हा वाटच अडते. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून कायमची जागा नसलेल्या नावांच्या परवान्यावर जादा आकार बसू लागला आहे. म्हणजे 'फिरत राहिलो की जागेचे भाडे वाचते' हे पूर्वीइतके खरे राहिलेले नाही.

कायमच्या जागांतही दोन जाती आहेत. काही जागा केवळ नाव ठेवण्यासाठी असतात. तेथे बारमाही राहण्यास परवानगी नसते. राहण्याची परवानगी असलेल्या जागा थोड्या आणि महाग. शिवाय नावेच्या जागेचा करार हा घरभाड्याचा करार नव्हे. घरातील भाडेकरूला कायद्याने जे संरक्षण मिळते, ते नाववाल्याला सामान्यतः मिळत नाही. म्हणून नाव पाहावयास जाण्यापूर्वी जागेची चौकशी करावी, आणि करार शब्दन् शब्द वाचावा. काठाला बांधलेली नाव विकताना 'जागेसकट' असे सांगतात, तेव्हा ती जागा नव्या मालकाच्या नावे होईल असे जागेच्या धन्याकडून लेखी घ्यावे.

पैशाची वाटणी

घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून, ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. दोन्ही ठिकाणी ठरविलेला खर्च पुरत नाही असा तिचा अर्थ. नावेलाही ती लागू आहे. समजा, एखाद्या दांपत्याजवळ ४०,००० पौंडांची शिल्लक आहे. दलालाच्या यादीत ३९,५०० पौंडांची देखणी नाव दिसते आणि मन तेथेच बसते. आमच्या मते या दांपत्याने ३२,००० च्या वरची नाव पाहूच नये. एक पंचमांश रक्कम निराळी काढून ठेवावी. कारण पहिल्याच वर्षात तपासणी, गोदी, रंग, बॅटऱ्या, विमा, परवाना यांची बिले एकामागून एक येतात, आणि जुन्या वस्तूतील लपलेले दोष नव्या मालकाचीच वाट पाहत बसलेले असतात.

बँकेकडून कर्ज काढावे म्हटले तर घरासाठी मिळते तसे दीर्घ मुदतीचे, हलक्या व्याजाचे कर्ज नावेला मिळत नाही. जुन्या नावेला तर कर्ज देणारेच थोडे. आणि घराची किंमत वर्षागणिक चढते असा जो सामान्य अनुभव, तोही येथे धरून चालू नये. नाव झिजते, आणि झिजणाऱ्या वस्तूची किंमत उतरावयाचीच. ज्याला हे मान्य आहे त्याने पुढे जावे.

दरसालचा खर्चही कागदावर मांडून पाहावा. परवान्याची फी नावेच्या लांबी-रुंदीवर. विमा. जागेचे भाडे. डिझेल, कोळसा, गॅस. दर चार वर्षांनी सुरक्षिततेची तपासणी. दर दोन-तीन वर्षांनी नाव पाण्याबाहेर काढून तळाच्या अंगाला डांबरी लेप. या साऱ्यांची बेरीज करून तिला बाराने भागावे, आणि तो आकडा आपल्या भाड्याशेजारी लिहावा. पुष्कळांना तो अजूनही भाड्यापेक्षा कमी दिसेल. काहींना दिसणार नाही. ज्यांना दिसणार नाही त्यांचे एका संध्याकाळच्या हिशेबात मोठे नुकसान टळले.

लांबी व बांधणी

जितकी लांब नाव तितकी जागा अधिक. पण सारी लॉके सारख्या लांबीची नाहीत. उत्तरेकडील कॅल्डर अँड हेबल या मार्गावरील काही लॉके ५७ फुटांच्या आसपासच्या नावांनाच घेतात. म्हणून ५७ फुटांची नाव 'कोठेही जाणारी' म्हणून ओळखली जाते आणि विकतानाही तिला गिऱ्हाईक लौकर मिळते. दोघांना राहण्यास ५० ते ५७ फूट पुरेसे होतात. एकट्या माणसाला ४० ते ४५ फुटांतही भागविता येते, आणि परवाना, जागा, डांबर हे सारे खर्च फुटांवर असल्याने तितकी बचतही होते.

दक्षिणेकडे दुप्पट रुंदीच्या नावाही दिसतात. आत शिरल्यावर त्या अगदी घरासारख्या भासतात. पण मध्य इंग्लंडच्या ७ फुटी लॉकांतून त्या जाऊच शकत नाहीत. ज्याला फिरत राहावयाचे आहे त्याने हा मोह टाळावा. मागच्या बाजूच्या बांधणीचेही प्रकार आहेत. जुन्या धर्तीच्या नावेत मागे उभे राहण्यापुरतीच जागा असते आणि खोली तितकी लांब मिळते. दुसऱ्या प्रकारात मागे ऐसपैस मोकळा सज्जा असतो. उन्हाळ्यात चार माणसे बसावीत, पण पावसाळी देशात वर्षाचे किती दिवस बसणार? राहावयाचे असेल तर आतल्या जागेला महत्त्व द्यावे हे बरे.

पाण्याखाली काय आहे?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. नावेचे धड म्हणजे तळाचा पत्रा व दोन्ही बाजूंचे पत्रे. हे पोलादी धड हीच खरी नाव. बाकी सारे, मग ती ओकाची कपाटे असोत, पितळी कड्या असोत की रंगविलेली गुलाबाची फुले असोत, सावकाश बदलता येते, सवडीने दुरुस्त करता येते, नाही केले तरी चालते. धड गेले की सगळे गेले. आणि नेमके हेच पाहणाऱ्याच्या दृष्टीआड, पाण्याखाली असते.

अलीकडच्या नावांत तळाचा पत्रा १० मि.मी., बाजूंचा ६ व वरच्या खोलीचा ४ मि.मी. अशी पद्धत रूढ आहे. '१०-६-४' असे आकडे जाहिरातीत दिसतात ते हेच. जुन्या नावांत तळही ६ मि.मी.चा आढळतो. आता गणित सोपे आहे. अनेक विमा कंपन्यांना धडाची जाडी निदान ४ मि.मी. उरलेली हवी असते. १० मि.मी.चा तळ ३ मि.मी. झिजला तरी त्यात पुष्कळ जीव आहे. ६ मि.मी.चा पत्रा तितकाच झिजला तर नाव विम्याच्या मर्यादेखाली गेली. आणि विमा नाही म्हणजे परवाना नाही, परवाना नाही म्हणजे घर नाही.

झीज सगळीकडे सारखी होत नाही. पाणी व हवा यांच्या सीमारेषेवर गंज अधिक चढतो. लॉकच्या भिंतीला घासून कडा झिजतात. काही ठिकाणी पत्र्याला देवीच्या व्रणांसारखे खळगे पडतात. भोवतालचा पत्रा धडधाकट असतानाही एकच खोल खळगा आरपार जाऊ शकतो. आणखी एक कारण विजेचे आहे. निरनिराळे धातू पाण्यात एकमेकांशी जोडले गेले की त्यांतून सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि एक धातू विरघळू लागतो. म्हणून धडावर मॅग्नेशियमचे ठोकळे जोडतात. त्यांना ॲनोड म्हणतात. ते आधी झिजावेत आणि पोलाद वाचावे ही योजना. पण काठावरची वीज घेतली की तारेतील अर्थिंगमुळे आपली नाव शेजारच्या सर्व नावांशी जोडली जाते, आणि दुसऱ्यांच्या दोषाने आपले पोलाद झिजू शकते. त्यासाठी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाचे उपकरण बसवितात. ते बसविले आहे का आणि ॲनोड कधी बदलले, हे दोन प्रश्न विक्रेत्यास जरूर विचारावेत.

हे सर्व डोळ्यांनी कळावयाचे नाही. त्यासाठी स्वतंत्र सर्व्हेयर नेमावा, नाव सुक्या गोदीत किंवा क्रेनने पाण्याबाहेर काढावी, आणि ध्वनिलहरींच्या यंत्राने पत्र्याची जाडी जागोजाग मोजून घ्यावी. हा खर्च घेणाऱ्याचा. अल्प पैसेवाल्यास तो जड वाटतो आणि तो येथेच कात्री लावू पाहतो. आमचे सांगणे असे की, सगळीकडे काटकसर करावी, येथे करू नये. 'मागच्या वर्षीच तपासणी झाली आहे, हा घ्या अहवाल' असे विक्रेता म्हणेल. तो अहवाल वाचावा अवश्य, पण त्यावर विसंबू नये. तो ज्याने पैसे देऊन करविला त्याच्यापुरता असतो, आणि त्यात चूक निघाली तर आपल्याला दाद मागणे कठीण जाते.

झिजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा वेल्डिंगने चढविण्याची रीत आहे. नीट केलेले असे काम वाईट नसते. मात्र त्याने नावेचे वजन वाढते, ती पाण्यात अधिक बसते, आणि बाजूची भोके पाण्याच्या जवळ येतात. काम कोणी केले, कधी केले, त्यानंतर तपासले कोणी, याचे कागद मागावेत. कागद नसतील तर किंमत त्या हिशेबाने धरावी.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. दर चार वर्षांनी मिळणारे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र हे गॅस, वीज, इंधन, आग यांसंबंधी असते. नाव स्फोटाने वा आगीने धोका करणार नाही एवढेच ते पाहते. धडाचा पत्रा किती उरला, इंजिन किती दिवस चालेल, यांबद्दल ते एक अक्षरही बोलत नाही. नवे कोरे प्रमाणपत्र असलेली नाव तळातून चाळण झालेली असू शकते.

आतील गोष्टी

नाव पाहावयास शक्यतो थंडी-पावसाच्या दिवसांत जावे. जूनमध्ये सगळ्याच नावा सुंदर दिसतात. आत शिरताच प्रथम नाकाचा उपयोग करावा. ओलसर, कुबट वास येत असेल तर ओल कोठून येते ते शोधावे. खिडक्यांच्या खालच्या लाकडावर काळे डाग आहेत का, छताला कोठे फुगवटा आहे का, ते पाहावे. त्यानंतर खोलीच्या मागच्या टोकाशी जमिनीतली झडप उघडण्यास सांगावे. नाव मागच्या बाजूला किंचित कललेली असते, त्यामुळे आत कोठेही गळलेले पाणी तेथे येऊन साठते. पाणी दिसले तर ते खिडकीतून आले, नळातून आले की तळातून, हे कळेपर्यंत पुढचे बोलणे थांबवावे. तळ बाहेरून जितका गंजतो तितकाच या साठलेल्या पाण्याने आतूनही गंजतो.

पोलादाच्या खोलीला आतून उष्णतारोधक थर नसेल तर हिवाळ्यात भिंतींना घाम सुटतो. फवारून बसविलेला फोम चांगला. जुन्या नावांत पॉलिस्टिरीनचे तक्ते असतात. ते विजेच्या तारांच्या प्लॅस्टिकला लागून राहिले तर तारांचे आवरण हळूहळू बिघडते. तेव्हा जुन्या तारा जाणत्या माणसास दाखवाव्यात. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साठतो. म्हणून सिलिंडरचे कपाट असे हवे की, गळलेला गॅस खोलीत न येता बाहेर पाण्यावर जाईल. कोळशाची शेगडी ही हिवाळ्यातली मोठी सोबतीण. पण तिचे धुराडे, तिचा दरवाजा व भोवतालचे टाईल यांत भेगा नसाव्यात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपेत तो माणसाला घेऊन जातो. २०१९ पासून त्याची सूचना देणारा गजर नावेवर असणे सुरक्षिततेच्या प्रमाणपत्रासाठी आवश्यक आहे. तो आहे एवढ्यावर समाधान न मानता वाजवून पाहावा, आणि हवेची भोके कोणी चिंध्या कोंबून बंद तर केली नाहीत ना, तेही पाहावे.

इंजिन बहुधा डिझेलचे असते. 'आम्ही येण्यापूर्वी ते सुरू करू नका' असे विक्रेत्यास आधीच कळवावे. थंड इंजिन कसे सुरू होते यावरून पुष्कळ कळते. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा धूर थांबतच नसेल तर इंधन नीट जळत नाही. तेलाचा रंग दुधी झाला असेल तर त्यात पाणी शिरले आहे. निदान तासभर नाव चालवून पाहावी, मागे घेऊन पाहावी. पंख्यात अडकलेला कचरा काढण्यासाठी इंजिनाजवळ एक झाकण असते; ते घट्ट बसते की नाही याची खात्री करावी, कारण ते सैल राहिल्याने नावा बुडाल्या आहेत. बॅटऱ्या ही तर चपलांसारखी झिजणारी वस्तू. त्या नव्या घ्याव्या लागतील असेच धरून चालावे. छतावर सूर्यशक्तीची तावदाने असतील तर उत्तम, परंतु डिसेंबरातल्या त्या देशाच्या सूर्यावर फार भिस्त ठेवू नये.

राहिला शौचकूपाचा विषय. तो बोलण्यास संकोच वाटतो, पण नावेवर राहणाऱ्याला रोजचा असतो. एका प्रकारात लहान डबा काढून ठरावीक जागी रिकामा करावा लागतो; मेहनत आहे, पण खर्च जवळजवळ नाही. दुसऱ्या प्रकारात मोठी टाकी असते, ती पैसे देऊन पंपाने उपसून घ्यावी लागते. आणि कालवा गोठला म्हणजे पंपापर्यंत जाता येत नाही. कमी पैशांत राहणाऱ्याला पहिला प्रकार सोयीचा.

व्यवहार

कालव्यावरील नावांच्या मालकीची, जमिनीच्या उताऱ्यासारखी सरकारी नोंदवही नाही. ज्याच्या नावे परवाना तो मालकच असेल असे नव्हे. म्हणून पूर्वीच्या विक्रीचे कागद, बिलांची फाईल, १९९८ च्या जूननंतर बांधलेली असेल तर धडावरील ओळख-क्रमांक व त्याचे दाखले मागावेत, आणि नावेवर कोणाचे कर्ज नाही असे लेखी घ्यावे. विसार बहुधा शेकडा १० असतो. तो देताना 'तपासणी समाधानकारक झाल्यास' ही अट करारात असल्याशिवाय एक पौंडही देऊ नये. तपासणीत दोष निघाले तर तीन वाटा मोकळ्या असतात: विक्रेत्याने दुरुस्त करून द्यावे, किंमत कमी करावी, किंवा आपण विसार परत घेऊन निघून जावे. शेवटची वाट धरण्यास कमीपणा वाटून घेऊ नये. तपासणीला व गोदीला गेलेले पैसे बुडाले असे कित्येकांना वाटते आणि त्या भरीत ते वाईट नाव घेऊन बसतात. वास्तविक त्या पैशांनी त्यांची सारी शिल्लक वाचलेली असते.

तेव्हा क्रम असा ठरतो. आधी राहण्याची जागा आणि फिरण्याची तयारी, मग वर्षाचा खर्च व पंचमांश राखीव रक्कम, मग धड, मग इंजिन, गॅस व वीज, आणि सर्वांच्या शेवटी कपाटे, पडदे व रंग. बाजारात नाव मांडलेली असते ती बरोबर याच्या उलट क्रमाने. पडदे प्रथम दिसतात, तळ कधीच दिसत नाही. रंग उडालेली, स्वयंपाकघर जुनाट असलेली, पण ६ मि.मी.चा पत्रा अजून साडेपाच भरणारी नाव मिळाली तर अल्प पैसेवाल्याने ती आनंदाने घ्यावी. आतले काम तो पगारातून, रविवारी रविवारी, आपल्या हाताने करू शकेल. तळाचे काम त्याला हाताने करता येत नाही.

ज्याला पाण्याची बादली उचलवत नाही, थंडीत पहाटे उठून शेगडी पेटवावयाची नाही, ज्याच्या कामाला एका पत्त्यावाचून चालत नाही, त्याने या वाटेस जाऊ नये. त्याला भाड्याची खोलीच स्वस्त पडेल. ज्याची तयारी आहे, त्याला ७ फूट रुंदीत पुरेसे घर मिळते, असे आज त्या कालव्यांवर राहणाऱ्या अनेकांचे जिणे दाखविते. दीडशे वर्षांपूर्वी त्याच रुंदीत, १० फूट लांबीच्या खोलीत मुले वाढविणाऱ्या नावाडीणींना निवड करण्याची मुभा नव्हती. आजच्या माणसाला ती आहे. नाव पाहून झाल्यावर 'ही नको' असे म्हणता येणे हाही त्या मुभेचाच भाग आहे, आणि सही करण्याच्या क्षणापर्यंत त्याने तो हातचा सोडू नये.